तोमचा पहिला शेंगदाणा

४ मार्च, रविवार

तोमने आज पुन्हा गाल ओरबाडून घेतले. हातात मोजे घातले होते. ते तिने हिरड्यांत धरून ओढून काढले आणि मग कामाला लागली. साडेपाच महिन्यांच्या बाळाला इतकी अक्कल असते हे मला माहीत नव्हते.

मी दहावीत शाळा सोडली, त्यामुळे लिहायची सवय नाही. पण एखादा शब्द चुकीचा लिहिला गेला तर तो मला टोचत राहतो, म्हणून शेजारी शब्दकोश ठेवला आहे. लिएन, माझी बायको, म्हणाली, "तू टाइल बसवतोस तसंच लिहितोस. आधी दोरी, मग लेव्हल, मग एक शब्द." हसू दे तिला. डोक्यातली काळजी कागदावर ठेवली की डोके जरा हलके होते, एवढाच माझा हेतू आहे.

मुलीचे खरे नाव आन. घरात तोम, म्हणजे कोळंबी, कारण जन्मली तेव्हा लाल होती आणि वाकडी होऊन झोपायची. चांगल्या नावाने हाक मारली की नको त्यांचे लक्ष जाते असे मा म्हणते. मा, म्हणजे माझी आई, आमच्याजवळच राहते. लिएन पहाटे बेकरीत जाते आणि मी टाइलच्या कामावर, तेव्हा तोम तिच्याकडे असते.

तोमला इसब आहे. कोपरांच्या आत, गुडघ्यांच्या मागे, गालांवर. कातडी फुटते आणि पाणी येते. मा तिला आंघोळीआधी तेल लावते. आमच्या मूळ गावाकडे, क्वांग नामला, मामाचा तेलाचा घाणा आहे. तिथले शेंगदाण्याचे तेल कोणी ना कोणी मेलबर्नला येताना घेऊन येते. मा ते कोमट करते, त्यात लहान कांद्याची चकती तळून काढते आणि जिथे कातडी फाटली आहे तिथे बोटाने हळूहळू जिरवते. घरभर गावाचा वास सुटतो. खोकला असो, भाजलेले असो की मुरगळलेले, आमच्याकडे सगळ्याला हेच औषध. मलाही लहानपणी हेच लावलेले आहे.

आज रविवार, म्हणून तेल नाही. रविवारी बाटल्या गॅरेजमध्ये जातात, ओटा साबणाने घासला जातो, कारण माझी थोरली बहीण, तिला मी 'ची हाय' म्हणतो, तिच्या मुलाला, खोईला, घेऊन येते. खोई बारा वर्षांचा आहे. त्याला शेंगदाणा चालत नाही. दीड वर्षाचा असताना आजोबांच्या वर्षश्राद्धाला कोणीतरी कौतुकाने त्याच्या तोंडात चिक्कीचा तुकडा घातला. ॲम्ब्युलन्स येईपर्यंतचे त्याचे ओठ मला अजून दिसतात. तेव्हापासून झटका आला की टोचायचे इंजेक्शनचे पेन त्याच्या कमरेला असते, दुसरे ची हायच्या कमरेला, आणि तिची नजर सगळ्यांच्या हातांवर.

आज तिने तोमचे गाल पाहिले आणि मला म्हणाली, "खोईचे असेच होते. नीट ऐक. तीन वर्षांची होईपर्यंत हिच्या तोंडाजवळ दाणा नाही. अंडंसुद्धा उशिरा. मला नर्सनं कागद दिला होता तेव्हा."

मी हो म्हणालो. ची हायला नाही म्हणणारा माणूस आमच्या घरात अजून जन्मायचा आहे.

५ मार्च

सोमवारी तोमची कातडी आठवड्यातली सगळ्यात बरी असते. हे मी आधीही पाहिले आहे. रविवारी मी दिवसभर घरी असतो, बाळाला बापाचा सहवास लागतो, तेच कारण असावे. लिएनला सांगितले. ती म्हणाली, "मग काम सोड, मुलगी बरी होईल आणि आपण उपाशी मरू."

१३ मार्च, मंगळवार

बालआरोग्य केंद्रात गेलो. मी अर्धा दिवस रजा घेतली होती. मासुद्धा आली.

तिथल्या नर्सचे नाव ब्रॉनवेन. तिने तोमला काट्यावर ठेवले आणि म्हणाली, "किती गोड! काय गुटगुटीत आहे!" मा-ने लगेच आमच्या भाषेत पुटपुटायला सुरुवात केली, "कुरूप आहे, घाणेरडी आहे, कोणालाही नको असलेली आहे." ब्रॉनवेनने विचारले, आजी काय म्हणतात. मी म्हणालो, आभार मानतात.

मग ती म्हणाली, "आता सहा महिने होतील. मान धरते, चमच्याकडे बघते. जेवण सुरू करा. त्यात अंडं आणि शेंगदाणासुद्धा, वर्षाच्या आत."

मला वाटले मी चुकीचे ऐकले. मी विचारले, "वर्षानंतर?"

"वर्षाच्या आत. आणि ज्या बाळांना इसब आहे त्यांना तर जास्तच गरज. फक्त हिचं इसब बरंच आहे, तेव्हा दाण्याआधी ॲलर्जीच्या डॉक्टरांना दाखवा. मी चिठ्ठी देते. अंडं मात्र सुरू करा, नीट शिजवलेलं. अख्खा दाणा कधीच नाही, घशात अडकतो. दाण्याचं गुळगुळीत लोणी, पेजेत पातळ करून. आणि लावून बघू नका कुठे, गालावर वगैरे. अन्न तोंडात."

मी खोईबद्दल सांगितले. तिने हातातले पेन खाली ठेवले. म्हणाली, "तेव्हा आम्ही सगळेच तसं सांगत होतो."

येताना मा-ने विचारले, "काय म्हणाली ती बाई?" मी म्हणालो, शेंगदाणा द्या म्हणाली. मा गाडीत तोमचे झबले सारखे करत राहिली. मग म्हणाली, "ती बाई दारू पिते का रे?"

१४ मार्च

ब्रॉनवेनने दिलेला कागद तीनदा वाचला. ची हायकडे बारा वर्षांपूर्वीचा कागद होता, त्यात याच्या बरोबर उलटे लिहिलेले होते. दोन्ही कागद सरकारी, दोन्हीवर हसणाऱ्या बाळाचे चित्र. माझ्यासारख्याने कोणत्या बाळावर विश्वास ठेवायचा?

आमच्या धंद्यात न्हाणीघराचा उतार चुकला की लगेच कळत नाही. टाइल छान दिसते, गिऱ्हाईक पैसे देते. पाणी कुठे मुरले ते वर्षांनी कळते आणि मग सगळे उखडावे लागते. मूल उखडता येत नाही. हे वाक्य मला आवडलेले नाही, पण खोडत नाही.

१८ मार्च, रविवार

आज ची हायला सांगितले. खोई बाहेर अंगणात चेंडू खेळत होता, म्हणून आत्ताच सांगावे असे मला वाटले. चुकले. जेवणाआधी सांगायला नको होते.

ती म्हणाली, "तू तिला विष देणार?"

"ची हाय, ते म्हणतात आता माहिती बदलली आहे."

"माहिती बदलली. वा. आणि माझा मुलगा? तो पण बदलून देणार का?"

लिएन मध्ये पडली. "ताई, अजून काही ठरलेलं नाही. डॉक्टरांना विचारू."

"मी विचारलं होतं. मी सगळं विचारलं होतं." ची हायचा आवाज चढला नाही, उलट बारीक झाला, आणि तिचा आवाज बारीक झाला की मी लहानपणापासून घाबरतो. "खोई पोटात असताना मी दाणा सोडला. क्वांग नामच्या बाईनं शेंगदाणा सोडला, सासरचे हसले मला. दूध पाजत होते तोवर सोडला. त्याला दिला नाही, त्याच्यासमोर खाल्ला नाही. जे सांगितलं ते केलं. आता तुम्ही म्हणता द्यायला हवा होता. मग मी काय केलं ते सांग ना मला."

मा सुपाचे भांडे उगाच ढवळत होती. खोई पाणी प्यायला आत आला, आमची तोंडे पाहिली आणि म्हणाला, "मी पुन्हा बाहेर जाऊ का?"

ते न जेवता गेले. मा-ने त्यांचे जेवण डब्यात भरून गाडीपर्यंत धावत नेऊन दिले.

१ एप्रिल, ईस्टरचा रविवार

आज अंडे दिले. कसे दिले ते लिहिताना जरा लाज वाटते.

घरी द्यायची माझी छाती होईना. म्हणून पेज आणि पूर्ण शिजवलेले अंडे थर्मासमध्ये घातले, तोमला गाडीत बसवले आणि हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गेलो. तातडीच्या विभागाचे दार समोर दिसेल अशी जागा शोधली. मा मागे बसली होती. ती म्हणाली, "लोक इथं मरायला येतात. आपण जेवायला आलो."

लिएन म्हणाली, "मा, चमचा द्या."

तोमने पहिला घास थुंकला. दुसरा गिळला. तिसऱ्याला तोंड उघडून वाट पाहिली. मग तिच्या हनुवटीजवळ लाल झाले आणि मी गाडीचे दार उघडून एक पाय बाहेर ठेवला. लिएनने ओल्या फडक्याने हनुवटी पुसली. लाल गेले. पेज सुकली होती तिथली नाजूक कातडी लाल झाली होती, एवढेच. मी तसाच एक पाय बाहेर ठेवून बसलो. एक सुरक्षारक्षक आला आणि म्हणाला, "मदत हवी का?" लिएन म्हणाली, "नको, माझा नवरा नाश्ता बघतोय."

तोम आनंदात होती. मा तिच्या कानाशी पुटपुटत होती, "घाणेरडी, कसली खादाड, कोण नेणार हिला."

९ एप्रिल

अंडे रोज चालू. काही होत नाही. आता घरीच देतो. पार्किंगचे पैसे वाचतात, असे लिएन म्हणते.

इसब मात्र तसेच. मा म्हणते तेल कमी पडते आहे, म्हणून आता दोनदा लावते.

१५ एप्रिल, रविवार

चार आठवड्यांनी ची हाय आली. भांडणाबद्दल कोणी बोलले नाही. मा-ने तिच्या आवडीचे कारले भरले होते. निघताना ची हाय मला म्हणाली, "ॲलर्जीच्या डॉक्टरकडे कधी जायचंय?"

मी सांगितले, सव्वीस तारखेला, गुरुवारी. कोणाची तरी वेळ रद्द झाली म्हणून लवकर मिळाली.

"मी येते. लिएनला रजा नाही. आणि तू घाबरलास की अर्धंच ऐकतोस."

हे खरे आहे.

२६ एप्रिल, गुरुवार

आज जे झाले ते क्रमाने लिहितो. घाई केली तर काही सुटेल.

डॉक्टर बाई आहेत, केस पांढरे, बोलणे शांत. तोम माझ्या मांडीवर आणि ची हाय शेजारच्या खुर्चीवर. बाईंनी तोमचे कपडे काढून सगळी कातडी पाहिली. मग विचारले, "काय लावता?"

मी म्हणालो, "तुमच्या लोकांनी दिलेलं मलम. आणि दुसरं काही नाही, फक्त तेल."

"कसलं तेल?"

"घरचं. म्हणजे गावचं. माझी आई लावते."

"कसलं, पण?"

मी म्हणालो, "शेंगदाण्याचं." म्हणताना मला काहीच वाटले नाही. ते आमचे तेल आहे. त्यात दाणा आहे असा विचार माझ्या मनात कधी आलाच नव्हता. दाणा म्हणजे जो खातात तो. रविवारी आम्ही बाटल्या लपवतो त्या खोईने खाऊ नये म्हणून. कातडी थोडीच खाते?

बाईंनी विचारले की तेल कारखान्यातले आहे की घाण्यावरचे. मी सांगितले, मामाच्या घाण्यावरचे, गढूळ असते, तळाशी साका बसतो. त्या म्हणाल्या, "त्या साक्यातच दाणा आहे." मग एका कागदावर त्यांनी घर काढले. म्हणाल्या, "हे बघा. शेंगदाणा समोरच्या दारानं आला, म्हणजे तोंडानं, तर शरीर म्हणतं, पाहुणा आहे, बसा. खिडकी फोडून आला, फाटलेल्या कातडीतून, तर शरीर म्हणतं, चोर. मग पुढे तो दारानं आला तरी त्याला चोरच समजतं. आपण काय करत होतो, तर दार बंद ठेवलं होतं आणि खिडकी उघडी."

तोम माझ्या शर्टाचे बटण चोखत होती.

ची हायने विचारले, "हे बारा वर्षांपूर्वी माहीत होतं?"

"नाही," बाई म्हणाल्या. "दार बंद ठेवा, हे आम्हीच सांगत होतो. चांगल्या हेतूनं, पण चूक."

"आणि तेल?"

बाईंनी तिच्याकडे नीट पाहिले. "तुमचं मूल आहे का?"

"मुलगा. त्याला आहे."

"एका मुलाला कशानं झालं, हे कोणी सांगू शकत नाही. मीही नाही. तेल लावलेली कितीतरी मुलं ठणठणीत असतात."

ची हायने मान हलवली. मग ती खिडकीबाहेर बघत बसली आणि मला कळले की आता उरलेले सगळे मलाच ऐकायचे आहे.

तोमच्या पाठीवर थेंब ठेवून बारीक टोचले. ती रडली, मग भिंतीवरच्या माशांच्या चित्राकडे बघत विसरली. थोड्या वेळाने दाण्याच्या थेंबाखाली गांधी उठली. मोहरीच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. बाई म्हणाल्या, "लहान आहे. शरीरानं दाण्याचं नाव ऐकलंय, पण वैर धरलंय की नाही ते सांगता येत नाही. अशा वेळी आम्ही इथंच, डोळ्यांसमोर, खाऊ घालून बघतो. दोन आठवड्यांनी या. तोवर घरी दाणा नाही, आणि ते तेल आजपासून बंद."

"उशीर झालाय का?" मी विचारले.

"नाही. पण थांबू नका."

गाडीत ची हायने पट्टा लावला आणि चावी फिरवली नाही. ती म्हणाली, "मा-ला यातलं काही सांगायचं नाही."

"पण तेल बंद करायला सांगावं लागेल."

"ते मी सांगते. मलम लागायला कातडी कोरडी हवी, म्हणून तेल नको, एवढंच. कळलं? खोईचं नाव त्यात येता कामा नये. तिनं रोज सकाळी त्याला मांडीवर घेऊन लावलंय ते. त्र्याहत्तर वर्षांच्या बाईला मी हे कळू देणार नाही."

घरी आल्यावर तिने मा-ला तसेच सांगितले. मा म्हणाली, "बरं." एकही प्रश्न विचारला नाही. मला हायसे वाटले.

२८ एप्रिल

मा कधी नव्हे इतकी समजूतदार झाली आहे. तेलाच्या सगळ्या बाटल्या तिने आपणहून लिंबाच्या झाडाखाली रिकाम्या केल्या. तोमचे टॉवेल, चादरी, झबली उकळून काढली. स्वयंपाकही सूर्यफुलाच्या तेलात करते. मी म्हणालो, "मा, एवढं कशाला, फक्त अंगाला लावायचं बंद केलं आहे." ती म्हणाली, "जुनं झालं होतं, खवट."

खवट नव्हते. पण म्हातारपणी वास कमी कळतो.

२ मे

मा शाकाहारावर आहे. एरवी पौर्णिमेला आणि अमावास्येला असते, आता रोजच. देव्हाऱ्यापुढे बराच वेळ बसते. मी लिएनला म्हणालो, बघ, तोमच्या परीक्षेसाठी किती करते. लिएन माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "थान्ह, तू खरंच साधा आहेस." म्हणजे काय, ते सांगितले नाही.

सकाळी मा-ने मला विचारले, "खोई लहान होता तेव्हा त्याच्या अंगावरचा पहिला फोड कुठे आला, आठवतं तुला?" मी म्हणालो, मा, मी तेव्हा शाळेत होतो, मला काय आठवणार. ती म्हणाली, "हो, खरंच."

तोमची कातडी सुधारते आहे. आता सोमवार कोणता, हे कातडीवरून सांगता येत नाही. कोपरांच्या आतले तर जवळजवळ गेले. हे माझ्या सहवासाने होत नव्हते, हे आता मला मान्य आहे.

१० मे, गुरुवार

सकाळी लवकर निघालो. लिएनने रजा काढली होती. ची हाय दारात उभीच होती. तिने जुने कपडे घातले होते आणि स्वच्छ कपड्यांची पिशवी बरोबर आणली होती. खोईकडे जाण्याआधी बदलायला.

मा आली नाही. म्हणाली, "मी घरीच बरी." तोमला निरोप देताना तिने तिला कुरूप वगैरे काही म्हटले नाही. नुसते कपाळाला नाक लावून वास घेतला.

खोलीत एक खाट, एक उंच खुर्ची, एका ट्रेमध्ये तयार इंजेक्शन. मी ते पाहायचे नाही असे ठरवले होते आणि सबंध वेळ तेच पाहत होतो. नर्सने शेंगदाण्याचे लोणी कोमट पाण्यात पातळ केले, भोपळ्याच्या लगद्यात मिसळले. वास आला. मला तो गावाचा वास वाटला.

"कोण भरवणार? ओळखीच्या माणसानं भरवलं तर बाळ खातं."

लिएनने तोमला धरले होते, त्यामुळे मी पुढे झालो. चमचा हातात घेतला. तो ट्रेच्या कडेवर वाजायला लागला. मी टाइलची एक फट दिवसभर सरळ राखू शकतो, पण तो चमचा मला सरळ धरता येईना. नर्स म्हणाली, "काही घाई नाही."

ची हायने माझ्या हातातून चमचा घेतला.

मी म्हणालो, "तू नको. तू कशाला."

"सरक," ती म्हणाली.

बारा वर्षांत तिने शेंगदाण्याला हात लावलेला नाही. दुकानात त्या रांगेतून ती जात नाही. कोणी विमानात पाकीट फोडले तर उठून मागे जाऊन उभी राहते. तिने चमचा बुडवला, कडेला निरपला, तोमच्या ओठांशी नेला आणि स्वतःचे तोंड उघडले, भरवताना आपण सगळे उघडतो तसे. "आ कर. कोळंबे, आ कर गं."

तोमने आ केले.

मग वाट पाहायची. मग थोडे जास्त. मग पुन्हा वाट. नर्स मधूनमधून अंगावरचे कपडे वर करून बघायची. ची हाय खुर्चीवर पुढे वाकून बसली होती आणि तोमच्या ओठांवरून तिची नजर हटत नव्हती. एकदा तोम खोकली. ची हाय उठून उभी राहिली, तिचा हात कमरेकडे गेला, जिथे खोईचे पेन असते. तोम पुन्हा खोकली, मग शिंकली, मग हसली. गालावर दोन ठिपके उठले. नर्सने डॉक्टर बाईंना बोलावले. त्यांनी पाहिले आणि म्हणाल्या, थांबू, बघू. ठिपके वाढले नाहीत. आम्ही बघता बघता फिके होत गेले, आणि शेवटी कुठे होते तेही सांगता येईना.

शेवटचा चमचा झाल्यावर ची हायने वाटी बाजूला ठेवली. तोमने वाटीकडे हात केला आणि भोकाड पसरले.

"काय झालं तिला?" मी घाबरून विचारले.

नर्स म्हणाली, "तिला अजून हवंय."

लिएन हसायला लागली आणि तिचे हसणे मध्येच रडण्यात गेले. ची हाय बेसिनशी गेली आणि हात धुऊ लागली, बोटांच्या बेचक्यांतून, नखांखालून, कोपरापर्यंत. पुष्कळ वेळ धूत होती. पाण्याचा आवाज थांबेना तेव्हा मी वळून बघणार होतो, पण लिएनने माझा हात दाबला.

निघताना डॉक्टर बाई म्हणाल्या, "आता हे सोडायचं नाही. आठवड्यातून दोनदा तरी, नेमानं. ओळख ठेवली तर ओळख राहते."

घरी मा फाटकात उभी होती. किती वेळ उभी होती कोणास ठाऊक. मी लांबूनच अंगठा वर केला. ती तिथेच खाली पायरीवर बसली.

२० मे

सोमवार आणि शुक्रवार हे दाण्याचे दिवस ठरले. रविवारी खोई येतो, म्हणून शनिवारी घर पुसून घेतो. तोमला आंघोळ, उंच खुर्ची धुणे, चमचे वेगळे. लिएन म्हणते मला आता आयुष्याचे काम मिळाले. मला ते आवडते. नेम कळतो मला.

मा स्वतः भरवत नाही. लोणी काढून देते, पेज करून देते, मग खोलीबाहेर जाते.

३ जून, रविवार

ची हाय आणि खोई आले. तोम आता बसते. खोईने तिला चेंडू दिला, तिने तो चाटला, खोई म्हणाला, "हिला काहीही चालतं, बघा." सगळे हसले. तोही हसला.

दुपारी मी स्वयंपाकघराशेजारच्या न्हाणीघरात एका सुटलेल्या टाइलला सिमेंट भरत होतो. स्वयंपाकघरात मा आणि ची हाय भांडी पुसत होत्या. त्यांना मी तिथे आहे हे माहीत नसावे. मी मुद्दाम ऐकले नाही, पण सिमेंट ओले असताना हात काढता येत नाही.

मा म्हणाली, "त्याला तेल मीच लावत होते."

भांड्यांचा आवाज थांबला.

"कोणी सांगितलं तुला?" ची हाय म्हणाली. मला धडकी भरली, कारण नाव माझेच येणार होते आणि मी तर सांगितले नव्हते.

"कोण सांगणार? डॉक्टरकडून आलीस आणि तू माझ्याकडे बघून गोड बोललीस. तू माझ्याशी गोड कधी बोलतेस?"

ओट्यावर ताट ठेवल्याचा आवाज आला.

मा म्हणाली, "रोज लावत होते. फोड दिसला की जास्त. मला वाटायचं, गावचं आहे, चांगलं आहे."

मी टाइल दाबून धरली होती. मग ची हाय म्हणाली, "तू एकटी नव्हतीस. तो पाय झाडायचा ना, तेव्हा पाय मी धरत होते."

"हो. तू धरायचीस."

"पोटावर लावलं की हसायचा."

"आणि झोपायचा लगेच," मा म्हणाली. "तसाच, तेलकट."

दोघींपैकी कोणीतरी नाक ओढले. कोणी ते कळले नाही, दोघींचे नाक सारखेच वाजते. मग पुन्हा ताटे रचल्याचा आवाज.

"उद्या सोमवार," मा म्हणाली. "तोमचा दाणा आहे. माझा काही हात पुढे होत नाही."

"माझं दुकान दहाला उघडतं," ची हाय म्हणाली. "त्याआधी येते. आपण दोघी मिळून भरवू. तू पाय धर."